पॅरिसच्या आमच्या हॉटेलजवळ 'शार्ल द गोल' स्टेशन आहे, म्हणजे विमानतळ जवळच ना?

नाही. शार्ल द गोल–एत्वाल हे मेट्रो स्टेशन भर शहरात, विजयकमानीच्या चौकाखाली आहे. विमानतळ शहराच्या मध्यापासून ईशान्येला साधारण 25 किलोमीटरवर.

एत्वालहून पूर्वेकडे जाणारी आरईआर (पॅरिसची उपनगरी रेल्वे) 'ए' पकडा, शातले-ले-आलला उतरा आणि उत्तरेकडची आरईआर 'बी' घ्या. फसगत इथेच होते. 'बी'ला ओल्ने-सू-ब्वानंतर दोन फाटे फुटतात, एक विमानतळाचा, दुसरा मित्री-क्लेचा. फलकावर गाडीचं चार अक्षरी नाव असतं. ते इंग्रजी 'ई'ने सुरू होत असेल तर विमानतळ, 'आय'ने असेल तर मित्री. चुकून मित्रीच्या गाडीत बसलातच तर ओल्नेलाच उतरा, पुढे नाही. टर्मिनल 1 किंवा 3 साठी पहिलं विमानतळ स्टेशन (1 ला जायला तिथून विमानतळाची फुकट छोटी रेल्वे, सीडीजीव्हॅल), टर्मिनल 2 साठी शेवटचं.

मेट्रोचं साधं तिकीट विमानतळावर चालत नाही. वेगळं घ्यावं लागतं, 2025 मध्ये ते 13 युरोला होतं. सगळ्या झोनचा आठवड्याचा नाविगो (पॅरिसच्या वाहतुकीचा) पास असेल तर ते लागत नाही, पण तो आठवडा सोमवार ते रविवारच मोजतात.

नावाचा घोळ जुना आहे. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष द गोल 9 नोव्हेंबर 1970 ला गेले आणि काही दिवसांतच एत्वाल चौकाला त्यांचं नाव मिळालं. विमानतळ 1974 चा. लोकांच्या तोंडी मात्र चौक अजून 'एत्वाल' आणि विमानतळ 'र्वासी'. त्यांच्या जन्मगावी, लीलमध्येही तेच: मुख्य चौकाच्या पाटीवर जनरल द गोल, बोलताना 'ग्रां-प्लास'. म्हणून रस्ता विचारताना जुनंच नाव घ्या. शिवाय फ्रान्सभर त्यांच्या नावाचे रस्ते आणि चौक हजारोंनी आहेत, त्यामुळे नकाशात नुसतं 'द गोल' टाकू नका, गाव आणि पिनकोड टाका.

पॅरिसमध्ये त्यांच्या नावाचा पूलही आहे, 1996 चा, गार द लियाँ आणि ऑस्टरलित्झ स्थानकांच्या मध्ये. तो एत्वालच्या आसपासही नाही. आणि बातम्यांत 'शार्ल द गोल गोव्यात' असं वाचलंत तर ती त्यांच्या नावाची, अणुशक्तीवर चालणारी फ्रेंच विमानवाहू नौका. भारत आणि फ्रान्सच्या नौदलांच्या 2019 च्या 'वरुण' सरावाचा पहिला टप्पा गोव्याजवळच झाला होता.