पणजीत जुलैमध्ये पहिला इंटरव्ह्यू आहे, सूट घालायलाच हवा का?

अरे सूटची काही गरज नाही, आपल्याकडच्या दमट हवेत पाटोला, म्हणजे पणजीतल्या ऑफिसांच्या भागात, गाडी लावून ऑफिसात पोचेपर्यंत कोटाच्या आत शर्ट अंगाला चिकटलेला असतो. फिका निळा नाहीतर पांढरा, फुल हाताचा कॉटन शर्ट, नेव्ही ब्लू पँट, काळे लेदर शूज आणि बेल्टपण काळाच, एवढं पुरे. फिटिंग मात्र खरंच बघ, खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या टोकावर यायला हवी, ती दंडावर उतरली की महागातला शर्टसुद्धा उसना आणल्यासारखा दिसतो, म्हणून मी तर म्हापशाला टेलरकडेच शिवून घेतो. टाय लावलास तर टोक बकलपर्यंत. आणि पावसाचे दिवस, शूज पिशवीत घे, चपला घालून जा आणि तिथे पोचल्यावर बदल.