पहिल्यांदाच अस्तंब्याला निघताय? मग एवढं सांभाळा

भाऊ, अस्तंबा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं सातपुड्याचं शिखर. दिवाळीच्या यात्रेत त्याची वाट माणसांनी भरलेली असते. एरवी हाक मारली तरी ओ द्यायला कुणी नसतं. म्हणून सुरुवातीला एवढंच पाळा:

- पाणी माणशी 4 लिटर. उन्हं तापू लागली की सातपुड्यातले बरेच झरे आटतात आणि नवखे नेमके त्यांच्याच भरवशावर राहतात. निम्मं पाणी संपलं की शिखर समोर दिसत असलं तरी मागे फिरा.
- पायथ्याच्या पाड्यातला वाटाड्या घ्या. साग गळाला की पाचोळ्याखाली पायवाट दिसेनाशी होते.
- विजेरी हवीच.

बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा परतायची वेळ घरी सांगून निघा. एप्रिल-मेमध्ये मात्र जाऊच नका, मी तेव्हा कुणालाच नेत नाही. थंडीत जा, डोंगर फार देखणा असतो.