चांदोलीला कोकणातून जायचं तर कोणत्या महिन्यात?

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य. आमच्याकडच्या हिशोबाने सांगायचं तर थंडी ओसरली आणि शिमग्याचे ढोल अजून पुरते घुमायला लागले नाहीत, तो काळ.

तुमचा प्रश्न असा की, गणपतीपुळ्याला येणारच आहोत, तिथून दोन दिवस काढून चांदोली राष्ट्रीय उद्यान बघायचं आहे, सोबत सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी आहे, तर डिसेंबर, मे की पावसाळा? आणि वाघ दिसेल का? मी साखरप्याचा, म्हणजे आंबा घाटाच्या पायथ्याचा. वर जाणारे पाहुणे आमच्याच दारावरून जातात आणि जाताना हाच प्रश्न विचारतात.

वाघाचं आधी उरकतो. चांदोली आणि कोयनेचं अभयारण्य मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून वाघीण आणून इथे सोडली. पण वाघ बघायचा म्हणून चांदोलीला येऊ नका. वाघ मोजके आणि रान सदाहरित, दाट. रस्त्यापासून दहा पावलांवर गवा उभा असला तरी नुसता फांदी मोडल्याचा आवाज येतो. इथे गवा, सांबर, भेकर, शेकरू बघायचे. नशीब चांगलं असेल तर कोळसुंद्यांची (रानकुत्र्यांची) टोळी किंवा अस्वल. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे गाडीत रुसवा नको.

बहुतेक जण ताडोब्याचा ठोकताळा इकडे लावतात: ऊन वाढलं की पाणी आटतं, प्राणी पाणवठ्यावर येतात, म्हणून मे महिना. विदर्भातल्या कोरड्या रानात ते खरंच आहे. पण चांदोलीच्या पोटात वारणेचं धरण आहे, 34.40 टीएमसीचं. त्याच्या जलाशयाचं, म्हणजे वसंतसागराचं पाणी मैलोन्‌मैल दऱ्यांमध्ये शिरलेलं. एवढं पाणी असताना गव्याला एकाच डबक्यावर येऊन तुमच्यासमोर उभं राहायची काय गरज? उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत फुटतं, त्यावर संध्याकाळी कळप उतरतात हे खरं. पण तो काठ लांब असतो आणि मे महिन्यात हवा इतकी धुरकट असते की पलीकडचे गवे दुर्बिणीतून बघितले तरी काळे ठिपकेच.

म्हणून इथे पाण्यापेक्षा गवताकडे बघून महिना ठरवावा, असं माझं मत.

धरण झालं, अभयारण्य झालं, तशी आतली गावं उठली. त्यांची शेतं आता गवताळ माळ झाली आहेत. काही ठिकाणी घरांची जोती अजून दिसतात, परड्यातला फणस आणि आंबा तसाच उभा असतो, फणस अजून धरतोही. खायला माणसं तेवढी नाहीत. गवे चरायला येतात ते या माळांवर. पावसाळा संपतो तेव्हा तिथलं गवत माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं असतं. नोव्हेंबरात ते हिरवं-पिवळं होतं, डिसेंबर-जानेवारीत वाळतं पण उभंच असतं. फेब्रुवारीत ते आडवं पडायला लागतं, वनखात्याने वणवा रोखायला रस्त्याकडेच्या जाळरेषाही काढलेल्या असतात, आणि मग पहिल्यांदा माळाच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत नजर जाते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला रानाच्या कडेने आधी एक काळी पाठ बाहेर येते, ती बराच वेळ हलत नाही, मग तिच्या मागून पांढरे मोजे घातल्यासारखे पाय दिसतात, आणि मग पिल्लांसकट सगळा कळप. गाडी बंद करा आणि मुलीला बोट दाखवून ओरडू देऊ नका.

त्याच दिवसांत अंजनी फुलते. चांदोलीच्या रानात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही झाडं सगळ्यात जास्त. अंजनीची फुलं पानाआड शेंड्याला येत नाहीत, थेट फांदीच्या सालीलाच चिकटून येतात, जांभळ्या-निळ्या गोंड्यांसारखी. पूर्ण फांदी मनगटापासून कोपरापर्यंत रंगवल्यासारखी दिसते. जवळ जाऊन बघितलं तर मधमाश्यांचा आवाज आधी येतो. शेजारी जांभळाची नवी पालवी तांबूस. सदाहरित जंगल म्हणजे बाराही महिने एकसारखं हिरवं, असं ज्यांना वाटतं त्यांनी फाल्गुनात एकदा यावं. खाली रस्त्याकडेला पांगारा आणि काटेसावर लाल झालेली असतात, त्यांच्यावर पक्ष्यांची नुसती भांडणं चालू असतात.

आता बाकीचे महिने.

पावसाळा विसरा. 15 जूनच्या सुमारास उद्यानाचा दरवाजा बंद होतो तो थेट 15 ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो. बंद नसता तरी मी नको म्हटलं असतं. वारणेच्या उगमाकडच्या पाथरपुंजला 2019 सारख्या वर्षी सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडला. असल्या पावसात जंगल बघत नाहीत, छत्री सांभाळतात. वर जळवा. शिवाय कोकणातून वर यायचं म्हणजे घाट चढायचा. 2021 च्या जुलैत आंबा घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला, तेव्हा आमच्याकडची माणसं कोल्हापूरच्या दवाखान्यात जायची तर जीव मुठीत धरून. पाऊसच अनुभवायचा असेल तर घाटमाथ्यावरच्या आंबा गावात मुक्काम करा, पावनखिंड बघा, आणि रविवार टाळा.

पावसाळ्यातल्या फुलांसाठी तुम्हाला वर जायचीही गरज नाही, हे बाहेरच्या लोकांना कोणी सांगतच नाही. चांदोलीतला झोळंबीचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, प्रसिद्ध आहे, पण फुलांच्या ऐन भरात दरवाजा बंद आणि दरवाजा उघडतो तेव्हा भर ओसरलेला. उलट रत्नागिरी-राजापूरचे आमचे कातळसडे ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं या फुलांनी निळे आणि गेंदाच्या फुलांनी पांढरे होतात. तिकीट नाही, रांग नाही. त्याच कातळावर कातळशिल्पं आहेत, ती बघून होतात. फक्त चपला काढून चाला किंवा निदान बघून पाय टाका, शिल्पं आणि फुलं दोन्ही पायाखाली जातात.

ऑक्टोबरचा शेवट, दिवाळीची सुट्टी: उघडल्या उघडल्या सगळे धावतात. ओढे वाहते असतात, हिरवाई जोरात, पण ऊन चटका देणारं, आतले कच्चे रस्ते पावसाने उखडलेले आणि गवत असं की प्राणी सोडा, पुढचं वळण दिसत नाही. झाडांसाठी यायचं असेल तर या.

डिसेंबर-जानेवारी हा माझा दुसरा पर्याय, आणि पक्षी बघणारे असाल तर पहिलाही. हवा स्वच्छ, हिवाळी पाहुणे पक्षी आलेले. उद्यानाची पश्चिम बाजू म्हणजे सह्याद्रीची धार; सकाळी तिथून खाली बघितलं तर आमचा अख्खा संगमेश्वर तालुका धुक्याखाली असतो, फक्त डोंगरांची डोकी वर. सासूबाईंसाठी मात्र विचार करा. गणपतीपुळ्यात रात्री पंखा लावून झोपता आणि वर पहाटे उघड्या गाडीत वारा हाडात जातो. स्वेटर, कानटोपी, दोन्ही आणा. आणि नाताळ ते 1 जानेवारी हा आठवडा कोकणाच्या नकाशावरून पुसून टाका. खोल्यांचे भाव ऐकून सासूबाईंच्या गुडघ्यांआधी तुमचे दुखतील.

एप्रिल-मे वाईट नाहीत, पण कशासाठी ते ठरवून या. करवंदं, जांभळं पिकतात, आणि बुद्ध पौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणी मोजतं, त्यात नाव लागलं तर सोडू नका. मेच्या शेवटी काजवे येतात. पण काजवे बघायला उद्यानात रात्री जाता येत नाही, ते आंबा गावाच्या बाजूला किंवा कोकणात कुठल्याही काळोख्या वाडीत बघा. या दिवसांत दुपारनंतर वळीव कधी गाठेल याचा नेम नाही. आणि मेमध्ये चाकरमानी, पर्यटक आणि आंब्याच्या गाड्या, सगळे एकाच रस्त्यावर असतात.

हापूसचा मोह असणार, म्हणून सांगतो: मार्चच्या मध्याला यायचं ठरवलंत तर पहिल्या तोड्याचा आंबा बाजारात आलेला असतो, भाव विचारून नुसता वास घ्यायचा. तरी मी तारीख आंब्यासाठी पुढे ढकलणार नाही. शिमग्याची तारीख मात्र पंचांगात बघून घ्या. त्या दिवसांत आमच्या गावोगाव पालख्या निघतात, ड्रायव्हर, गाईड, हॉटेलातला आचारी, कोणीही हाताला लागत नाही. पालखी बघायला आलात तर गोष्ट वेगळी, मग जंगल दुसऱ्या खेपेला.

वाट अशी: पुळ्याहून दुपारी जेवून निघा, हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट. चौपदरीकरणाच्या कामाने जादा वेळ लागेल असं धरूनच चला. रात्री आंबा गावात मुक्काम. पहाटे मलकापूर, कोकरूड, शेडगेवाडी, आरळा करत मणदूर. नाक्यावर नोंद करून, गाईड घेऊनच आत जायचं. बंदचा वार कोणता, स्वतःची गाडी आत सोडतात की त्यांची घ्यावी लागते, हे नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या आधी वनखात्याच्या कार्यालयात फोन करून विचारा, इंटरनेटवरच्या जुन्या माहितीवर जाऊ नका. सासूबाईंना फार चालावं लागणार नाही, बरंचसं गाडीतूनच बघायचं आहे, पण हादरे बसतात. पाठीला उशी घ्या. आत काही विकत मिळेल असं धरू नका, पाणी आणि डबा सोबत.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की एवढा वळसा कशाला, आमच्या शृंगारपुरातून सरळ चढून प्रचितगडावर जा, तोही चांदोलीचाच भाग. बरोबर आहे. पण ती उभी चढण आणि कड्यावरची शिडी ट्रेकर्सची आहे, परवानगी वेगळी लागते. मुलगी कदाचित आनंदाने जाईल, सासूबाईंना घेऊन नको.

तारीख पक्की झाली की इथेच कळवा, त्या आठवड्यात घाटाची काय स्थिती आहे ते सांगतो.