गाडी मित्राची, कर्ज तुमचे

तुमचा प्रश्न असा आहे: मित्राला जुनी गाडी घ्यायची असून दोन गाड्यांवर निवड येऊन थांबली आहे. एक नऊ वर्षांची, 40 हजार किलोमीटर चाललेली, तर दुसरी पाच वर्षांची, 80 हजार किलोमीटर चाललेली. या दोघींपैकी कोणती घ्यावी? त्याचे उत्तर देतोच, पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेले वाक्य मला अधिक गंभीर वाटते. मित्राच्या नावावर आधीच दोन कर्जे असल्याने बँकेने त्याला नकार दिला, म्हणून वैयक्तिक कर्ज तुम्ही घेणार, गाडी त्याच्या नावावर होणार आणि हप्ता तो दरमहा तुमच्या खात्यात भरणार. सोमवारी सही आहे.

ही सही करू नका.

गाडीची किंमत 100 धरू. मित्राकडे 20 आहेत, म्हणजे 80 कमी पडतात. परंतु तुम्हाला मंजूर झालेले कर्ज 90 चे आहे, कारण त्यात एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी 6 आणि वाढीव वॉरंटी 4 अशी भर घातली आहे. 12 टक्के व्याजाने पाच वर्षांचा मासिक हप्ता सुमारे 2 होतो. 60 हप्त्यांत 120 जातील. नको असलेल्या 10 च्या दोन वस्तू अशा रीतीने व्याजासह 13 हून अधिक किमतीला पडतात.

त्यातही या पॉलिसीबद्दल मला विशेष राग आहे. ती ‘कर्जाचे संरक्षण’ म्हणून विकली गेली, पण विमा तुमच्या जिवाचा आहे, कारण कर्जदार तुम्ही आहात. या व्यवहारातला खरा धोका मित्राचे उत्पन्न थांबण्याचा आहे. उद्या त्याची नोकरी गेली, तो आजारी पडला किंवा दुर्दैवाने त्याचे काही बरेवाईट झाले, तर ही पॉलिसी एक पैसाही देणार नाही आणि हप्ता तुमच्याकडेच राहील. तुमची गरज न विचारता हा विमा कर्जात मिसळणाऱ्याने तुमची दिशाभूल केली आहे.

पुढच्या वर्षी मित्राला बढती मिळेल आणि वेळ आलीच तर गाडी विकून कर्ज फेडता येईल, असे तुम्ही लिहिता. मिळालेली नसलेली बढती हिशेबात धरता येत नाही. गाडीची किंमत दरवर्षी 15 ते 20 टक्के घटते असे मानले, तर दोन वर्षांनी ती 64 ते 72 राहील. घाईने विकल्यास त्याहून कमी. त्या वेळी तुमचे कर्ज 60 शिल्लक असेल. आकडे जेमतेम जुळतात, पण गाडी विकण्याचा अधिकार तुमचा नसेल, कारण ती त्याच्या नावावर आहे.

शिवाय तुम्हाला पुढच्या वर्षी घरासाठी कर्ज काढायचे आहे. 9 टक्के दराने वीस वर्षांच्या गृहकर्जाला दर 100 मागे सुमारे 0.9 हप्ता पडतो; म्हणजे दरमहा 2 चा हप्ता आधीच अडकला, तर गृहकर्जाची तुमची क्षमता सुमारे 220 ने, गाडीच्या किमतीच्या दुपटीहून अधिक, कमी होते. मित्र एकही हप्ता न चुकवता भरत राहिला तरीही हे नुकसान टळत नाही, कारण बँकेच्या नोंदीत कर्ज तुमचेच दिसते.

मदत अवश्य करा. मित्राने पुढील वर्षभर दरमहा 2 स्वतःच्या खात्यात साठवावेत. हप्ता झेपेल असे तो म्हणतोच आहे, तेव्हा बचतही झेपायला हवी. वर्षाअखेरीस हातात 44 येतील. त्यात, बुडाली तरी तुमचा संसार हलणार नाही एवढीच रक्कम, समजा 10, लेखी नोंद करून उसनी द्या. 54 पैकी 5 ते 6 पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून उरलेल्या पैशांत बसेल अशी, आजच्यापेक्षा साधी गाडी त्याने घ्यावी.

आता गाड्यांविषयी. वर्षाला साडेचार हजार किलोमीटर चाललेली पहिली गाडी बराच काळ उभी राहिली असणार. अशा गाडीचे रबरी भाग, बॅटरी आणि टायर चालण्याने नव्हे तर वयाने खराब होतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा संकेत असतो, त्यातील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, तो वाचा. ब्रेकचे पेडल आणि स्टीअरिंग झिजून गुळगुळीत झाले असेल, तर 40 हजारांचा आकडा खरा मानू नका. सर्व सर्व्हिसच्या नोंदी असलेली दुसरी गाडी मला अधिक भरवशाची वाटते. मात्र क्लच आणि सस्पेन्शनचा खर्च जवळ आला आहे असे समजून भाव करावा. कोणतीही गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला पैसे देऊन तपासणी करून घ्यावी.

तूर्त बँकेला सही रद्द केल्याचे लेखी कळवा आणि नंतर मित्राला फोनवर नव्हे, प्रत्यक्ष भेटून, हाच हिशेब कागदावर मांडून सांगा.