वाचक विचारतात : पंखा बदलला की लाट बदलते का?

या महिन्याच्या टपालात बोटीच्या पंख्याबद्दलची, म्हणजे प्रॉपेलरबद्दलची, पत्रं जास्त आली. बरीचशी अमेरिका-ऑस्ट्रेलियात वॉटर स्कीइंग करणाऱ्या वाचकांची आहेत, एक तारकर्लीचं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

माझी बोट 1990च्या दशकातली डायरेक्ट ड्राइव्ह (इंजिनातून सरळ शाफ्ट पंख्याला जाणारी) स्की बोट आहे. 5.7 लिटरचं इंजिन, गिअर 1:1, तीन पात्यांचा 13 बाय 12 प्रॉपेलर (व्यास 13 इंच; पिच, म्हणजे एका फेऱ्यात कागदावर पुढे जाण्याचं अंतर, 12 इंच). स्लॅलमला (तरंगत्या बॉयना वळसे घालत स्कीइंग) 16 मीटरच्या दोरीवर बोटीमागची लाट ओलांडताना मध्ये एक फुगवटा लागतो आणि स्की उडते. चार पात्यांचा प्रॉपेलर घेतला तर लाट मऊ होते असं क्लबात सगळे सांगतात. घ्यावा का?
– एक वाचक, ऑर्लँडो

नुसत्या लाटेसाठी घेऊ नका. घेण्याची इतर कारणं चांगली आहेत, ती पुढे सांगतो.

बोट 58 किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने चालली आहे, म्हणजे पाण्याचा विरोध आणि पंख्याचा रेटा बरोबरीत आहेत. बोट तीच, वजन तेच, वेग तोच, तर रेटाही तेवढाच. मग तो तीन पात्यांतून येवो की चार. शाफ्ट तिरका असल्यामुळे या रेट्याचा काही भाग बोटीला वर उचलतो. कल 12 अंश धरला तर साधारण पाचवा हिस्सा. पण एकूण रेटाच बदलत नाही, त्यामुळे हा उचलही फारसा बदलत नाही. बोट पाण्यात कशी बसते हे मुख्यतः तळाचा आकार, वजन आणि वेग ठरवतात, आणि लाटही तिथेच ठरते. पंख्यामुळे पडणारा फरक उरतो तो किरकोळ : पात्यांच्या पुढे तळाखाली तयार होणारी ओढ, मागच्या पाण्यातला पीळ आणि फेस.

यातला फेस मात्र पायाला कळतो. पातं ओव्हरलोड झालं किंवा त्याची कड खरचटली की कॅव्हिटेशन होतं, म्हणजे पात्यावर पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात. मग दोन लाटांमधला सपाट पट्टा बुडबुड्यांनी भरतो, त्यात स्की थोडी खाली बसते आणि पुढची लाट आहे त्यापेक्षा टणक लागते. चार पात्यांवर तोच भार वाटला जातो, फेस कमी होतो. ‘लाट मऊ झाली’ असं सांगणाऱ्यांना बहुधा हाच फरक जाणवलेला असतो. त्यातही त्यांचा जुना पंखा ठेचाळलेला होता की नाही, हे कोणी सांगत नाही.

तुमचा फुगवटा वेगळा आहे. अमेरिकेत ज्याला ‘22 ऑफ’ (मूळ दोरीतून 22 फूट कमी) म्हणतात त्या 16 मीटरच्या लांबीवर हा जुन्या बोटींचा ठरलेला त्रास आहे. मागच्या फळीखालून सुटलेलं पाणी दोन्ही बाजूंनी मध्ये येतं आणि उसळून वर येतं. ती उसळी नेमकी 16 मीटरच्या आसपास आली तर तुम्ही तिच्यावरूनच जाता. 18.25 मीटरवर ती मागे विरलेली असते आणि 14.25 वर तुम्ही तिच्या पुढे असता. ती थोडी सरकवायची तर मागची बाजू किंचित वर आली पाहिजे. पैसे न घालता हे करता येतं :

पेट्रोलची टाकी मागे असेल तर सरावाला ती पूर्ण भरू नका. 100 लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास 75 किलो, तेही सगळ्यात वाईट जागी. मागच्या सीटखालचे नांगर, जादा दोर, भिजलेली जॅकेटं बाहेर काढा. मग 20–25 किलोची वाळूची पिशवी पुढच्या टोकाला ठेवून बघा. इंजिनघरात पाणी साचलंय का तेही बघा, त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पुढे वजन फार झालं तर बोट वळणात नाकाने खणायला लागते, तेव्हा पिशवी कमी करा.

आता चार पात्यांच्या बाजूने. स्कीअर बॉयवरून वळून दोरीला लटकला की बोटीचा वेग क्षणभर पडतो आणि मग इंजिन तो भरून काढतं. हे पडणं-भरणं जितकं कमी, तितकी लाट ओलांडताना ओढ एकसारखी राहते. चार पाती इथे खरी कामाची : पकड जास्त, थरथर कमी, खोल पाण्यातून उठणं सोपं. किंमत मोजावी लागते ती कमाल वेगात. पिचही तेवढंच ठेवू नका, सहसा अर्धा ते एक इंच कमी घ्यावं लागतं, नाहीतर फुल थ्रॉटलला इंजिनाचे फेरे पडतात.

विकत घेण्याआधी एक हिशेब करा. आरपीएमला गिअरच्या प्रमाणाने भागा, पिचच्या इंचांनी गुणा आणि 1056ने भागा. हा ताशी मैलांतला कागदावरचा वेग. समजा तुमची बोट 36 मैलांना, म्हणजे 58 किलोमीटरला, 3,500 आरपीएम दाखवते. 3,500 गुणिले 12 भागिले 1056 म्हणजे 39.8 मैल. प्रत्यक्ष 36, म्हणजे घसर साधारण साडेनऊ टक्के. स्की बोटीला हे उत्तम आहे, पंख्यात खोट नाही. हाच आकडा 15–16 निघाला असता तर आम्ही आधी पंखा काढून पात्यांच्या कडा बघायला सांगितलं असतं.

दोन पंखे ताडून बघायचेच असतील तर त्याच दिवशी, त्याच तळ्यावर, तोच चालक, तेवढंच पेट्रोल. तळं उथळ असेल तर लाट खोलीप्रमाणेही बदलते, म्हणून एकाच पट्ट्यात बघा. मागच्या फळीवरून व्हिडिओ घ्या आणि स्कीअरला कोणता पंखा लावलाय ते सांगू नका. सांगितलंत की लाट मऊ झालीच म्हणून समजा.

वेगनियंत्रक जुना, आरपीएमवर चालणारा परफेक्ट पास असेल तर पंखा बदलल्यावर त्याचे मूळ आरपीएम नव्याने भरावे लागतात. ते न करता केलेली चाचणी व्यर्थ. 58च्या वेगाला 259 मीटरचा कोर्स 16.08 सेकंदांत झाला पाहिजे, त्यावरून जुळवा. जीपीएसवर चालणाऱ्या झिरो ऑफला हे लागत नाही, पण सेटिंग तेच ठेवा. ए1 आणि सी3 या त्याच्या सेटिंगांत ओढीचा फरक दोन पंख्यांमधल्या फरकापेक्षा जास्त असतो.

डेन्व्हरजवळ राहतो. फ्लोरिडातून आणलेली बोट इथे मरगळल्यासारखी चालते. माहितीपुस्तकात फुल थ्रॉटलला 4,400 ते 4,800 आरपीएम लिहिलंय, मला 4,250 मिळतात. पंखा 13 बाय 12.
– एक वाचक, कोलोरॅडो

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर 300 मीटरला साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तुमची 15 टक्क्यांच्या आसपास गेली. बोट बिघडलेली नाही, पंखा तिथल्या हवेला जड आहे.

पिच 12 वरून 11 करा. एक इंच कमी केलं की फुल थ्रॉटलला 150 ते 200 आरपीएम वाढतात, म्हणजे तुम्ही पट्ट्यात याल. स्लॅलमच्या वेगाला इंजिन 3,500 ऐवजी 3,800च्या आसपास फिरेल आणि पेट्रोल थोडं जास्त जाईल. पण वेगनियंत्रकाला थ्रॉटल उघडायला जागा मिळेल. आत्ता भारी स्कीअरच्या मागे थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडलेलं असणार आणि वेग पडला तरी त्याच्या हातात काही उरत नसणार. स्कीअर याला ‘लाट वाईट आहे’ म्हणतो. खरं तर तो लाट ओलांडत असताना बोट मंद झालेली असते, आणि कमी वेगाला लाट मोठीच असते.

इंजिन कार्ब्युरेटरचं असेल तर आधी जेट बदलून घ्या, विरळ हवेत मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण जास्त होतं. बोट पुन्हा खाली नेलीत तर जुना पंखा चढवा, नाहीतर फेरे मर्यादेपलीकडे जातील.

आमच्या बोटीची उजवीकडची लाट डावीपेक्षा ठळक उंच आणि टोकदार आहे. प्रॉपेलर डावखुरा असल्यामुळे असं होतं का?
– एक वाचक, मेलबर्न

काही अंशी हो. पंखा एकीकडे फिरतो तेव्हा बोट उलट दिशेने कलू पाहते. मागून पाहिलं असता डावखुरा पंखा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बोटीची उजवी बाजू दाबली जाते. समजा शाफ्टवर 200 न्यूटन-मीटरचा पीळ आहे, तर मध्यापासून एक मीटरवर सुमारे 20 किलो ठेवल्यासारखा हा कल असतो. स्की बोटीत चालकही उजवीकडेच बसतो. उजव्या पंख्याच्या बोटीत तो हा कल मोडून काढतो, तुमच्याकडे त्यात भर घालतो.

म्हणून आधी वजनं. निरीक्षकाला डावीकडे बसवा, बॅटरी आणि अवजारांची पेटी डावीकडे न्या. तरी फरक राहिला तर सुकाणू बघा. सरळ रेषेत स्टिअरिंगवर सतत जोर द्यावा लागत असेल तर सुकाणूचं पान तिरपं लागलेलं असतं किंवा त्याची मागची कड वाकलेली असते, आणि तेही एका बाजूचं पाणी ढवळतं. बोट दोन्ही दिशांनी चालवून बघा. दिशा उलटल्यावर उंच लाटेची बाजू बदलली तर दोष वाऱ्याचा.

डाव्याच्या जागी उजवा पंखा मागवू नका. गिअरबॉक्स ज्या दिशेने फिरतो तोच पंखा लागतो.

प्रॉपेलर घरी बदलता येतो का? मेकॅनिक फार पैसे सांगतो.
– एक वाचक, डॅलस

येतो, पण चावीकडे (पंखा शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत बसणारी धातूची पट्टी) नीट लक्ष द्या, बहुतेकांचं तिथेच चुकतं.

बोट ट्रेलरवर घ्या, बॅटरीची तार काढा. कॉटर पिन ओढा, नट सैल करा, पण तीन-चार आटे तसेच ठेवा. पुलर (पंखा ओढून काढायचं हत्यार) लावून ताण दिला की पंखा धप्पकन सुटतो, तो नट नसेल तर थेट पायावर येतो. हातोडा मारू नका, शाफ्ट आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग तो मार खातात.

शाफ्टचा निमुळता भाग स्वच्छ पुसा. नवा पंखा आधी चावीशिवाय बसवा आणि हबची (पंख्याच्या मधल्या गाभ्याची) पुढची कड जिथे येते तिथे मार्करने रेघ मारा. मग काढून, चावी घालून पुन्हा बसवा. कड त्याच रेघेवर आली पाहिजे. एक-दोन मिलिमीटर मागे राहिली तर पंखा शाफ्टवर नाही, चावीच्या डोक्यावर बसला आहे. तो नट घट्ट करूनही डुलेल आणि काही तासांत शाफ्ट खराब करेल. अशा वेळी चावीची वरची बाजू कानशीने थोडी घासा. निमुळत्या भागाला ग्रीस लावू नका. नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला कसा, कॉटर पिन नवी घाला आणि पहिल्या तासानंतर नट पुन्हा तपासा.

व्यास वाढवत असाल तर पात्याचं टोक आणि तळ यांतलं अंतर मोजा. 13 इंची पंख्याला निदान 33 मिलिमीटर हवं. 13 वरून साडेतेरावर गेलात की यातले सहा मिलिमीटर जातात. अंतर कमी पडलं तर तळावर ठोके बसतात आणि बसणाऱ्यांच्या पायांना कळतं.

पंखा नवा असूनही थरथर तशीच राहिली तर बोट पाण्यात असताना शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट फीलर गेजने चारही बाजूंनी बघा. फरक 0.08 मिलिमीटरच्या आत हवा.

पंखा घासून आरशासारखा केला तर लाट गुळगुळीत होते का?
– एक वाचक, न्यू जर्सी

नाही. कडेची ठेच काढून घ्या, तेवढं पुरे. तीही घरी कानस मारून नको. मागच्या कडेला मुद्दाम दिलेला कप (बारीक बाक) घासला गेला तर पकड जाते आणि तो पुन्हा कारखान्यातच करावा लागतो.

आम्ही तारकर्लीला बनाना राइड चालवतो. आउटबोर्ड (मागच्या फळीबाहेर लावलेलं इंजिन) आहे, गिअर 2:1, अॅल्युमिनियमचा पंखा, पिच 13. सहा माणसं ओढताना बोटीचं नाक वर राहतं आणि मागे डोंगराएवढी लाट उठते. स्टीलचा चार पात्यांचा पंखा लावू का? फुल रेसला 4,700 आरपीएम, मोबाइलवर वेग 32 किलोमीटर दिसतो.
– एक वाचक, तारकर्ली

वरचाच हिशेब तुम्हालाही लागू. 4,700 भागिले 2 गुणिले 13 भागिले 1056 म्हणजे साधारण 29 मैल, 46–47 किलोमीटर. मिळतात 32. घसर 31 टक्के. इंजिनाच्या पुस्तकात 5,000 ते 6,000 लिहिलं असेल तर तुमचं इंजिन दमतंय आणि बोट प्लेनवरच येत नाही, म्हणजे पाण्यावर चढून घसरत नाही. नाक वर आणि डोंगराएवढी लाट ही त्याचीच खूण.

आधी आहे त्याच जातीचा 11 पिचचा पंखा लावा. इंजिन ट्रिमने (त्याचा कल बदलणाऱ्या सोयीने) बोटीकडे आत घ्या आणि पोरांना मागच्या फळीवरून उठवून पुढे बसवा. लाट खाली बसेल. स्टीलची घाई नको. किनाऱ्याजवळ पंखा वाळूला, खडकाला लागतोच. अॅल्युमिनियमचं पातं वाकून किंवा तुटून मोकळं होतं, स्टीलचं तो धक्का गिअरपर्यंत पोचवतं.

पण पैसे घालण्याआधी हबचं रबर सुटलंय का ते बघा. आरपीएम चढतात आणि बोट ओढत नाही, हे सुटलेल्या रबराचंही लक्षण असतं. पंखा काढा, आतली पितळी नळी, रबर आणि बाहेरचं अॅल्युमिनियम या तिन्हींवरून ऑइल पेंटने एक सरळ रेघ ओढा, वाळू द्या आणि दोन राइड मारून या. रेघ तुटून सरकलेली दिसली तर पिच बदलून काही होणार नाही, हब बदला. पंखा काढलाच आहे तर त्याच्या मागे शाफ्टला गुंडाळलेली नायलॉनची दोरी किंवा जाळ्याचा धागा ब्लेडने कापून काढा. तो ऑइल सील कापतो आणि गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं.