घरच्या स्विमिंग पूलचं पाणी आपल्याला स्वतः सांभाळता येतं का? (सोलापूर, बोअरचं पाणी)

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात घराच्या आवारात आठ बाय चार मीटरचा तलाव बांधला आणि बोअरच्या पाण्याने भरला. देखभालीचा माणूस आठवड्यातून एकदा येतो, गोळ्या आणि पावडर टाकून जातो. तरी मे महिन्यात पाणी हिरवट होतं, टाइल्सवर पांढरा थर चढतो आणि पोरांचे डोळे चुरचुरतात. हे रसायन घरच्या माणसाला शिकता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. नक्की येईल. दहावीच्या विज्ञानापलीकडचं त्यात फारसं काही नाही आणि रोजचं काम दहा मिनिटांचं आहे. फक्त सुरुवात क्लोरीनपासून करू नका, तुमच्या बोअरपासून करा.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या प्रोसेस हाऊसची लॅब बरीच वर्षं सांभाळली. सुताच्या ब्लीचिंगमध्ये हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), ॲसिड, सोडा हाच रोजचा व्यवहार. आता घरचा तलाव माझ्याकडे आहे. लॅबमधली एक सवय इथे सगळ्यात जास्त कामाला येते : पाण्यात जे टाकलं त्याचं काम झाल्यावर मागे काय उरतं, ते वहीत मांडायचं. तलावाचं पाणी फिल्टरमधून फिरत राहतं, बदलत नाही, त्यामुळे उरलेलं साठत जातं. तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी हे साठणं आहे.

आधी बोअर. सोलापूर दख्खनच्या काळ्या कातळावर बसलंय. त्या कातळाच्या भेगांतून येणारं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊनच वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, कठीणपणा 200 पीपीएमपर्यंत (एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम; पुढचे आकडेही यातच) असावा असं म्हटलंय आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत मुभा आहे. तलावाला मात्र कॅल्शियमचा कठीणपणा 200 ते 400 च्या दरम्यान हवा. म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा तलावाला पहिल्या दिवसापासून जड असू शकतं. एक बाटली भरून कुठल्याही पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि कठीणपणा, अल्कलिनिटी (मुख्यतः त्या बायकार्बोनेटचं प्रमाण), पीएच, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) एवढं तपासून घ्या. हा कागद हातात आल्याशिवाय एकही डबा विकत घेऊ नका.

आता आपला उन्हाळा. तुमच्या तलावाचा पृष्ठभाग 32 चौरस मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर धरली तर पाणी 40,000 लिटर. कडक उन्हात आणि वाऱ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं असं धरा. ते झालं 320 लिटर. ते भरून काढायला 500 कठीणपणाचं बोअरचं पाणी सोडलं तर रोज 160 ग्रॅम चुना तलावात आला. वर गेली ती नुसती वाफ, चुना सगळा खालीच राहिला. महिन्याभरात हे पावणेपाच किलोच्या वर जातं आणि कठीणपणा 120 ने चढतो. टाइल्सवरचा तुमचा पांढरा थर हाच. तो घासून काढण्यापेक्षा वाफ अडवणं स्वस्त पडतं. पोहणं नसेल तेव्हा तलावावर कव्हर टाका. पाणी कमी उडेल, कचरा पडणार नाही आणि दिवसा क्लोरीनही टिकेल.

पावसाळ्यात गच्चीचं पाणी तलावात घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. पावसाच्या पाण्यात कठीणपणा जवळजवळ नसतो. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस झाला की पहिला धुणारा पाऊस सोडून देऊनही चार हजार लिटर हाताशी येतं. ज्या शहरात नळाच्या पाण्याची टंचाई लोकांनी सोसलीय, तिथे उजनीचं पाणी पोहायला वापरायला माझं मन घेत नाही. आणि पाणी बिघडलं म्हणून तलाव रिकामा करून टँकर मागवणं तर आपल्याकडे उपाय म्हणून धरूच नये. रसायन शिकण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट अल्कलिनिटी आणि पीएच. बोअरचं पाणी काढल्या काढल्या पीएच 7.2 दाखवतं आणि दोन दिवस हौदात राहिलं की 8 च्या वर जातं. जमिनीखाली दाबाने विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उघड्यावर आला की उडून जातो, म्हणून असं होतं. अल्कलिनिटी जितकी जास्त तितका हा चढ जोरात. तलावाला अल्कलिनिटी 80 ते 120 पुरते, बोअरला ती 250-300 सहज असते. म्हणून तुमच्याकडे पीएच सतत वर पळत असणार. पीएच 7.5 ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, 8 ला पाव भाग, 8.5 ला दहावा भाग. स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हात टिकवणारं रसायन, त्याचं पुढे सांगतो) असलेल्या पाण्यात हा फरक थोडा सौम्य होतो, पण पीएच चढला की चुना बाहेर पडून बसायला लागतो, तो काही सौम्य होत नाही. जड पाण्यात पीएच 7.2 ते 7.5 च्या मध्ये ठेवा.

उतरवायचं कसं? म्युरिॲटिक ॲसिडने, म्हणजे साधारण 30-33 टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने. 40,000 लिटरला 10 पीपीएम अल्कलिनिटी कमी करायला सुमारे 800 मिलिलिटर लागतं. पण 250 वरून 100 वर एका दिवसात उतरू नका. पीएच 7.1-7.2 येईल एवढंच ॲसिड द्या, मग कारंजं किंवा पाण्याची धार चालू ठेवा. हवेने पीएच पुन्हा चढेल, अल्कलिनिटी चढणार नाही. मग परत ॲसिड. दोन-तीन आठवडे हे धीराने केलं की नंतर वर्षभर पीएच शांत राहतो. नव्या पाण्याच्या भरतीबरोबर अल्कलिनिटी पुन्हा येते, तेवढी नोंद ठेवायची.

आता क्लोरीन. बाजारात चार प्रकार दिसतील आणि चौघांचा उरलेला माल वेगळा आहे. ब्लीचिंग पावडर स्वस्त, पण तिच्यात क्लोरीन तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, बाकी बराचसा चुना आणि गाळ. कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे 65-70 टक्के ताकदीचे असतात, तरी 10 पीपीएम क्लोरीनमागे कठीणपणा सातने वाढवतात. आपल्या बोअरच्या पाण्यात चुना मुळातच जास्त, म्हणून हे दोन्ही मी तलावाजवळ फिरकू देत नाही. तिसरा टीसीसीए 90, त्या पांढऱ्या गोळ्या. वापरायला सोप्या, पण 10 पीपीएम क्लोरीनमागे सहा पीपीएम सायन्युरिक ॲसिड मागे सोडतात.

तेच सायन्युरिक ॲसिड म्हणजे स्टॅबिलायझर. ते थोडं हवंच. ते अजिबात नसेल तर सोलापूरच्या दुपारच्या उन्हात क्लोरीन तासाभरात निम्म्याच्या खाली येतो. 30 ते 50 असेल तर दिवसभर तग धरतो. पण स्टॅबिलायझर उडत नाही आणि फिल्टरमध्येही अडत नाही. उन्हाळ्यात रोज दोन पीपीएम क्लोरीन निव्वळ गोळ्यांनी दिला तर महिन्याला 36 ने तो वाढतो आणि तीन-चार महिन्यांत शंभराच्या पलीकडे जातो. मग तपासणीच्या किटमध्ये क्लोरीन दोन दिसतो आणि पाणी तरी हिरवं. क्लोरीन असतो, पण स्टॅबिलायझरने धरून ठेवलेला. तुमच्याकडे हेच झालं असावं असा माझा दाट संशय आहे. क्लोरीन स्टॅबिलायझरच्या निदान साडेसात टक्के असायला हवा : 40 ला 3, 100 ला साडेसात. वाढलेला स्टॅबिलायझर उतरवायला थोडं पाणी बदलावंच लागतं, आणि ते पावसाळ्यात गच्चीच्या पाण्याने करा.

चौथा सोडियम हायपोक्लोराइट, आपला हायपो. मागे फक्त थोडं मीठ सोडतो. रोजच्या वापराला मी यालाच पसंती देतो. 10 टक्क्यांचा हायपो असेल तर तुमच्या तलावात 400 मिलिलिटरने क्लोरीन एक पीपीएम वाढतो, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फक्त उन्हाळ्यात महिनाभरात त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून ताजा आणि लहान कॅनमध्ये घ्या, सावलीत ठेवा आणि झाकण घट्ट आवळू नका, त्यातून वायू सुटत असतो. सूर्य मावळल्यावर पंप चालू करून टाका. गोळ्या सुरुवातीला स्टॅबिलायझर 40 वर येईपर्यंत आणि चार दिवस गावाला जाताना, एवढ्याच.

मोरचूद टाका, शेवाळ जातं, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. जातं. पण मोरचुदातलं तांबं पाण्यात राहतं, पीएच चढला की भिंतीवर निळे-काळे डाग पाडतं आणि पिकल्या केसांना हिरवी झाक आणतं. तुरटीने गढूळपणा बसतो, मात्र ती अल्कलिनिटी खाते आणि तळाचा गाळ फिल्टरमधून न नेता थेट बाहेर काढावा लागतो. क्वचित कधी चालेल.

किट घेताना बघून घ्या. थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो ते किट एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातला कामाचा किती आणि वापरून संपलेला किती ते सांगत नाही. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. त्यातही क्लोरीन फार जास्त असेल तर रंग उडून नमुना पांढरा दिसतो आणि माणूस शून्य समजून आणखी क्लोरीन ओततो. अशा वेळी नमुन्यात त्याच्याएवढंच क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून परत बघा आणि आकडा दुप्पट करा. क्लोरीन दहाच्या वर असताना पीएचच्या रंगावर विश्वास ठेवू नका.

डोळे चुरचुरतात आणि क्लोरीनचा वास येतो तेव्हा घरचे म्हणतात क्लोरीन जास्त झाला. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीन जोडला गेला की क्लोरामाइन बनतात, वास आणि चुरचुर त्यांची. एकूण क्लोरीन आणि मुक्त, म्हणजे कामाचा, क्लोरीन यांच्यातला फरक अर्ध्या पीपीएमच्या वर गेला तर क्लोरीन कमी पडतोय. पोरांना डोक्याला खोबरेल चोपडून तलावात सोडू नका, आधी साबणाने अंघोळ घाला. आणि ज्याला जुलाब होतायत त्याला बरा झाल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू देऊ नका. एक पीपीएम क्लोरीनमध्ये ई-कोलाय मिनिटभरात मरतो, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र दहा दिवसांपेक्षा जास्त जगतो.

साठवणुकीचं ऐका, यात सूट नाही. ॲसिड आणि हायपो एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीएच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियमचे दाणे एकमेकांत मिसळले तर आग लागते, स्फोट होतो. एकाचं माप दुसऱ्याला वापरू नका, एकाचा फ्लोटर (गोळ्यांचा तरंगता डबा) दुसऱ्याला नको. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडवर पाणी कधीही नाही. हातमोजे आणि गॉगल घाला, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. ॲसिड आणि क्लोरीन यांच्यात किमान अर्धा तास जाऊ द्या. हे सगळं कुलपात ठेवा.

आत्ता हिरवट असलेल्या पाण्यासाठी या आठवड्यात काय करायचं? आधी स्टॅबिलायझर तपासा. काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत नळीत पाणी भरायचं, अशी ती चाचणी असते. तो 40 च्या आसपास असेल तर ॲसिडने पीएच 7.2 वर आणा, भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासा आणि संध्याकाळी हायपोने क्लोरीन 16 पर्यंत न्या. पंप रात्रंदिवस चालू ठेवा, फिल्टरचा दाब वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या धारेने फिल्टर धुऊन घाण पाणी बाहेर सोडा. ते पाणी क्लोरीन शून्यावर आल्याशिवाय झाडांना घालू नका. रोज दोन-तीनदा तपासून क्लोरीन परत 16 वर आणत राहा. रात्री झोपताना आणि सकाळी ऊन यायच्या आधी आकडा घ्या. रात्री ऊन नसतं, तेव्हा जो क्लोरीन कमी झाला तो शेवाळाने खाल्ला. हा फरक एकच्या आत आला आणि खोल बाजूच्या तळावरची जाळी स्वच्छ दिसायला लागली की थांबा. क्लोरीन पाचच्या आसपास उतरू द्या आणि मग पोरांना पाण्यात सोडा.