कंबर दुखते म्हणजे साधना कच्ची का?

‘दहा दिवसांचं शिबिर केलं, रोज बसते, तरी कंबर दुखतेच. माझी समता, म्हणजे सुखदुःखात मन स्थिर ठेवणं, कच्ची आहे का?’ विपश्यना ध्यान करणाऱ्या एका शिक्षिकाताईंचा हा प्रश्न. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दुखणं जुनं, पण डॉक्टरांच्या तपासणीत धोक्याचं काही निघालं नव्हतं.

ताई मांडी घालून तासभर कळ सोसायच्या आणि सारखं चाचपायच्या, कमी झाली का? गोम इथेच होती. दुखणं जावं म्हणून केलेलं निरीक्षण ही तृष्णाच. शिवाय असा पहारा ठेवला की आधीच हळवी झालेली मज्जासंस्था आणखी सावध होते, स्नायू आखडतात, कळ वाढते.

सल्लसुत्त या उपदेशात बुद्धांनी दोन बाण सांगितले आहेत. शरीराची वेदना हा पहिला, तिच्यापायी होणारा शोक हा दुसरा. ताईंना वहीत दोन रकाने आखायला सांगितले. पहिल्यात ‘डावीकडे ओढ, ठसठस’. दुसऱ्यात ‘आता मी कामाची राहिले नाही’. आठवडाभरात दुसरा रकाना पहिल्याहून लांब झाला.

बैठक बदलली. पाठीवर झोपून, गुडघ्यांखाली उशी, 10 मिनिटं. आधी तळहातांवर लक्ष, मग दुखऱ्या जागेच्या कडेवर तीन-चार श्वास, पुन्हा तळहात. कळ असह्य झाली तर एक श्वास थांबून कूस बदलायची.

‘पण हलणं म्हणजे हार ना?’ नाही. सेखसुत्तात, कपिलवस्तूला, खुद्द बुद्ध आपले शिष्य आनंद यांना पुढचा उपदेश करायला सांगतात, कारण बुद्धांची स्वतःची पाठ दुखत असते. आणि ते उजव्या कुशीवर पहुडतात. हे ऐकून ताईंना रडू फुटलं. शिबिरातही गरजूंना खुर्ची मिळते, ती निःसंकोच मागावी.

मध्यम मार्ग चालण्यातही हवा. बरं वाटलं की ताई अख्खं घर झाडून काढत आणि मग दोन दिवस अंथरुणाला खिळत. 10 मिनिटांनी कळ वाढते ना, मग 7 मिनिटंच चालायचं, बऱ्या दिवशीही तेवढंच. दर आठवड्याला एक मिनिट वाढवायचं. बऱ्या दिवशी थांबणं त्यांना सगळ्यात जड गेलं.

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघांमध्ये बधिरपणा आला, पायातलं बळ गेलं किंवा पाठदुखीसोबत ताप आला, तर ध्यानाला न बसता थेट रुग्णालय गाठायचं.

तीन महिन्यांनीही ताईंची कंबर दुखते. पण त्या रोज 18 मिनिटं चालतात, ध्यानाला खुर्चीवर बसतात, आणि दुसरा रकाना बरेचदा कोरा असतो.